कच्च्या सुयांचं गोंदिया

गोंदियाहून परत आली तेव्हापासून आर्वीत जो भेटतो तो एकच विचारतो, "काय गं, कसं आहे गाव?" मी आधी तिथल्या हमालाची नक्कल करून दाखवते, मग टांगेवाल्याची, मग राइस मिलच्या भोंग्याची. लोक हसतात, चहा पाजतात, जातात. खरं काय झालं ते कोणी ऐकून घेत नाही, कारण ते सांगायला लागली की माझा आवाज चढतो, आणि पोरीच्या चढलेल्या आवाजाला आमच्याकडे चहा मिळत नाही. म्हणून लिहून राहिली. कागदावर कितीही ओरडा, शेजारी खिडकी लावून घेत नाहीत.

मी नर्स. पण पक्की नाही, बदलीवाली. म्हणजे कुठल्या गावची सिस्टर सुटीवर गेली की तिच्या जागी ट्रंक उचलून जायचं. दोन महिने इथं, तीन महिने तिथं. निघताना तिथला डॉक्टर बंद पाकिटात शेरा लिहून देतो. असे चार चांगले शेरे जमले की आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मेट्रन, पक्क्या यादीत नाव घालतात. माझे तीन जमले होते. चौथा गोंदियाचा. दवाखान्याचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक म्हणतात तो एकच दवाखाना वाईट, बाकी सगळे गंगाजळ.

कोंड्याचा वास

मध्यप्रदेशातून आपण विदर्भवाले नुकतेच मुंबई राज्यात गेलो होतो, पण ही बातमी गोंदिया स्टेशनाला कोणी कळवलेली दिसली नाही. उतरली तर सगळं हिंदी. टांगेवाल्याला मी शुद्ध पुस्तकी मराठीत पत्ता सांगितला. तो म्हणाला, "बाई, बैठो तो सही, फिर भाषण देना." तिथंच गाव आवडलं. राग पुढचा आहे.

पौष महिना. थंडी अशी की दात स्वतःच नकला करायला लागतात. धानाचे गाडे मिलसमोर रांगेनं उभे आणि हवेत कोंडा. केसांत कोंडा, चहात कोंडा. राहायची सोय दवाखान्याच्या आयाच्या घरी, भागरताबाईकडे. पन्नाशीची, काटक, दुपारभर विड्या वळायची आणि बोटं न थांबवता जगाला शिव्या द्यायची. पहिल्या सकाळी तिनं भात वाढला. दुपारी भात. संध्याकाळी भात.

मी म्हटलं, "भागरताबाई, भाकर?"

"कायची?"

"ज्वारीची."

"बीमार हायेस का व?"

तिच्या मते भाकर हा पथ्याचा प्रकार. आमच्याकडे भात आजाऱ्याला देतात, इथं भाकर! पण बुधवारी तिनं उकडलेले सिंगाडे आणले, तळ्यातले, काळ्या सालीचे, आत पिठूळ गोड. ते खाल्ल्यावर मी भाकरीचं नाव काढलं नाही.

हात

दवाखाना बारा खाटांचा. डॉक्टरसाहेब एकच, गोरेगोमटे, पांढरा कोट, हिंदीत बोलणारे आणि प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करणारे. पहिल्याच दिवशी घसा साफ करून म्हणाले, "देखिए सिस्टर, बदलीवाली जो भी आती है, उसका हाथ खराब होता है. मरीज को सुई लगाई कि फोड़ा. हमारी सिस्टर थी, दो साल में एक फोड़ा नहीं. आप सँभल के."

मी मनात म्हटलं, माझ्या आधी इथं आलेल्या दोघी बदलीवाल्या धांदरट असतील. बघा माझा स्वभाव! दोन अनोळखी पोरींबद्दल लगेच खरं मानून टाकलं. माझा पहिला राग माझ्यावर आहे तो याचा.

साहेबांची आई सोमवारी आणि गुरुवारी सायकलरिक्षातून यायची. फार कडक बाई. घरात कांदा-लसूणसुद्धा चालत नाही अशी ख्याती. वार्डात शिरायच्या आधी दारातूनच हाक, नाकातून, लांब ओढलेली: "मुन्नाऽऽ! खाना खाया कि नहींऽऽ?" मग प्रत्येक पेशंटच्या हातावर तुळशीचं पान. ही हाक मी दुसऱ्याच गुरुवारी उचलली. घरी भागरताबाईला करून दाखवली तर तिच्या हातची विडी सुटली.

दहा दिवसांत माझ्या हातानं तीन गळवं झाली. मी हात धुतला, स्पिरिट दोनदा लावलं, जागा बदलली. तरी चौथ्या दिवशी जागा लाल, सहाव्या दिवशी पू. साहेब राउंडला घसा साफ करायचे आणि माझ्या हाताकडे बघायचे. मीसुद्धा रात्री अंथरुणात हाताकडे बघायची. ट्रेनिंगमध्ये पहिला नंबर आलेला हात!

रेवता

चौथी रेवता. गोंदियाकडच्या गोरेगावजवळच्या खेड्यातली, वीस वर्षांची, माहेरी आलेली. न्यूमोनिया. श्वास असा वाजायचा की शेजारची खाट जागी राहायची. रोज पेनिसिलीन. चार दिवसांत ताप उतरला, पोरगी उठून बसली आणि पहिलं वाक्य बोलली ते मला: "तू साहेबासारखी खोकलतेस मनतेत, करून दाखव ना." दाखवलं. हसता हसता तिला खोकला आला आणि मी तिच्या मायच्या शिव्या खाल्ल्या.

सहाव्या दिवशी तिच्या कुल्ल्यावर लिंबाएवढं गळू. ताप परत. तिचा बाप दसारामजी, धोतर, खांद्यावर घोंगडी, दिवसभर आवारात तीन दगडांच्या चुलीपाशी बसायचा. त्यानं पोरीचं गळू बघितलं आणि सरळ खाटेशी येऊन तिला उठवायला लागला.

मी आडवी आली. "दसारामजी, अजून सात दिवस सुया पाहिजेत. आत्ता नेली तर छाती पुन्हा भरेल. मरेल ती."

"अना इतं ठेवली तं?" तो म्हणाला. "एका जागी बरी करता, दुसऱ्या जागी सडवता. मरनच हाय तं घरी मरन."

साहेब दारात उभे होते. वाटलं, आता समजावतील. त्यांनी घसा साफ केला. "जाने दीजिए. मैंने तो पहले ही कहा था, हाथ." आणि माझ्याकडे बघून, "रिपोर्ट में लिखना पड़ेगा."

त्यांची बैलगाडी गेली. रेवतानं जाताना मान वळवून बघितलं नाही. मला ते साहेबांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दोन अंडी

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आज सुई उकळण्यापासून टोचण्यापर्यंत सगळं स्वतः बघायचं. उकळायचं काम भागरताबाईचं. ती उजाडता उजाडता जायची, मी सातला. मी जाईपर्यंत सिरिंजा आणि सुया झाकलेल्या ट्रेमध्ये तयार. कधी विचारलंच नाही. त्या दिवशी तिच्याबरोबरच निघाली.

स्टोव्ह पेटला. सुया उकळायचं लांबट भांडं वर चढलं. त्यात चार सिरिंजा, सुया आणि मधोमध दोन अंडी.

मी म्हटलं, "भागरताबाई, हे काय?"

"अंडे."

"ते दिसतंय. इथं कायले?"

"सायबाचे. घरी माय खाऊ देत नाही ना. इतं खाते, सातच्या आधी." तिला यात सांगण्यासारखं काही वाटतच नव्हतं. पाण्याला उकळी आली. तिनं ओठ हलवत काहीतरी मोजलं आणि भांडं खाली उतरवलं. अंडी एका वाटीत, सुया ट्रेमध्ये.

"उतरवलंस काऊन?"

"सायबाले अर्धकच्चं लागते. पिवरं घट झालं का मले शिव्या देते."

"आणि सुया?"

"उकडी आली ना. उकडी आली का सारं मरते."

माझा आवाज चढला. वीस मिनिटं, भागरताबाई! वीस मिनिटं उकळावं लागतं! साहेबांचं पिवळं पातळ राहावं म्हणून बारा खाटांच्या अंगात पू झाला होता. आणि पक्की सिस्टर? "ते आपल्या सुया घरूनच आने, डब्यात. मले वाटे, शौकीन बाई हाय." म्हणजे तिला माहीत होतं. दोन वर्षं माहीत होतं. स्वतःच्या सुया घरी उकळल्या, तोंड बंद ठेवलं आणि सुटीवर जाताना मला थर्मामीटर किती, बेडपॅन किती हे मोजून दिलं, एवढं एक सोडून. साहेबांपेक्षा मला तिचा राग जास्त आला. साहेबाला भूक होती. हिला काय होतं?

मी तशीच साहेबांच्या खोलीत गेली. औषध मोजायच्या काचेच्या ग्लासात अंडं उभं, डोक्यावर मीठ. मला बघताच त्यांनी त्यावर वर्तमानपत्र टाकलं.

"साहेब, सुया वीस मिनिटं उकळत नाहीत. तुमच्या अंड्यांमुळे."

घसा. "कौन से अंडे? मेरे घर में प्याज तक नहीं आता."

वर्तमानपत्राखालून वाफ निघून राहिली होती.  बाहेर आली, पडद्यामागे उभी राहिली, नाक आवळलं आणि जेवढा राग होता तेवढा ओढला:

"मुन्नाऽऽ! ये बास काहे की आ रही हैऽऽ?"

आत खुर्ची पडली. मी पडदा सारला तर साहेब भिंतीला टेकून उभे, हात पँटच्या खिशात, चेहरा लाल, कारण खिशातलं अंडं गरम होतं. मग ते फुटलं. पिवळं पँटवरून बुटावर आलं. मागं वार्डात कोणीतरी खिदळलं आणि बारा खाटांवर जेवढ्यांना हसता येत होतं तेवढे हसले.

मला हसू आलं नाही, खरंच सांगते. या माणसाला रेवताच्या पुवाची लाज वाटली नव्हती. आईच्या हाकेनं मात्र तो भिंतीला चिकटला.

"क्या चाहिए?" साहेब हळूच म्हणाले.

मी तीन गोष्टी मागितल्या. सुयांसाठी वेगळं भांडं. रेवतासाठी औषध आणि तिच्या गावी जायला एक दिवस. आणि केसपेपरवर लिहून, की गळवं कच्च्या सुयांनी झाली. पहिल्या दोन मिळाल्या. तिसऱ्यावर त्यांनी रुमालानं बूट पुसला आणि म्हणाले, "वो नहीं लिखा जाता, सिस्टर." आईला सांगायचं नाही असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. आईला मी सांगितलं नाही. तुम्हाला न सांगण्याचा करार नव्हता.

गोरेगावच्या पुढं

बस गोरेगावपर्यंत. पुढं कोसभर पायी. पोटात राग असताना सुंदर जागा बघणं फार त्रासाचं. धान कापून झालेलं, शेताच्या बांध्यांमध्ये खुंटांच्या मधून लाखोळीची डाळ हिरवीगार उगवलेली. पुढं तळं. आमच्याकडे विहीर खोदली तरी गावभर नाव होतं. इथं दसारामजीच्या कोणत्यातरी पणज्यानं आख्खं तळं बांधलं आणि पाटीसुद्धा लावली नाही. तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालताना पाय घसरला, एक चप्पल पाण्यात गेली, म्हणून पाहुणी एका चपलेवर पोचली.

दसारामजीनं मला बघितलं, चपलेला बघितलं. "कायले आलीस व?"

"सुई द्यायला."

"अजून भरली नाही का तुही हौस?"

रेवता आत बाजेवर. ताप चढलेला, गळवावर जवसाचं पोटीस, श्वास पुन्हा वाजायला लागलेला. मी उंबऱ्यातच सांगून टाकलं. "माझा हात नाही, दसारामजी. सुया कच्च्या होत्या. मी बघायला पाहिजे होतं, बघितलं नाही. एवढी चूक माझी."

"कच्ची सुई मंजे?"

रेवताची माय चुलीशी होती. मी तिला विचारलं, "माय, भाताला उकळी आली की तू चुलीवरचा गंज उतरवतेस का?"

"कोन उतरवते व? दात पडतीन खानाराचे."

"आमच्या दवाखान्यात सुयांचा उतरवून राहिले होते."

 मग उठून तिनं चुलीवरचा भाताचा गंज, पातेलं म्हणा, बाजूला काढला, दुसरा रिकामा घासून घेतला, पाणी ओतलं.

दसारामजी ओरडला, "त्यात सुया टाकशीन? मंग त्यात भात रांधशीन?"

"पोरगी रायली तं दुसरा गंज घेईन," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "नाही रायली तं भात कोनासाठी रांधू?"

सिरिंज आणि सुया मी फडक्यात गुंडाळून सोडल्या. घड्याळ काढलं. दसारामजी चुलीसमोर उकिडवा बसला, घड्याळाकडे बघेना, पाण्याकडे बघे. वीस मिनिटं झाली. मी चिमटा उचलला.

"थांब," तो म्हणाला. काडी सारली.

पंचवीस झाली. "आता काढू?"

"थांब म्हनलं ना!"

चाळीस मिनिटं उकळली ती सुई. जगातली सगळ्यात शिजलेली सुई असेल. दुसऱ्या बाजूला टोचली. रेवतानं डोळे न उघडता मला अशी शिवी घातली की तिच्या मायनं पदर तोंडावर घेतला. शिवी घालायची ताकद आहे म्हटल्यावर मला बरं वाटलं. निघताना भात आणि पोपटाच्या, वालासारख्या शेंगांची भाजी वाढली. दसारामजी जेवताना म्हणाला, "उद्या गाडीनं आनतो. पन सुई मी पायीन उकडताना. मायासमोर." मला त्यानं रेवताच्या मायची चप्पल दिली, दोन बोटं मोठी.

जांभळे अंगठे

तो आला. सात दिवस रोज उजाडता नव्या भांड्यासमोर उकिडवा बसला. भागरताबाई म्हणायची, "याले स्टोवचाच ताप आला." जुनं गळू कापलं, निचरा झाला. नव्या भांड्यातल्या सुयांचं एकही गळू नाही, रेवताला नाही, कोणालाच नाही. आठव्या दिवशी पोरगी आवारात उन्हात बसून आयाबरोबर विड्या वळायला शिकत होती आणि पानं फुकट घालवल्याबद्दल बोलणी खात होती.

माझ्या बदलीची मुदत संपली, पक्की सिस्टर मात्र सुटीवरून आली नव्हती. पाकीट तयार होतं. त्यात काय असेल ते वार्डाला ठाऊक होतं, कारण साहेबांनी घसा साफ करून तसं दोनदा सुचवलं होतं. दसारामजी त्यांच्या खोलीत गेला. मी बाहेरून ऐकून राहिली होती.

"सायेब, बाईची चूक नाही हे लिहून द्या."

"तुम नहीं समझोगे."

"मी सात दिवस पाह्यलं. समजलं मनूनच आलो."

दार लागलं. तो बाहेर आला, धुमसत. "मले लिहिता येत नाही, नाही तं मीच लिहिलं असतं. तू लिही. मी अंगठा देतो."

मी लिहिलं. सरळ, झालं तसं, अंड्यांसकट. शाईची गादी साहेबांच्या कपाटात, कपाटाला कुलूप. मग भागरताबाईनं जखमेवर लावायच्या जांभळ्या औषधाची बाटली आणली. दसारामजीनं अंगठा बुडवला, उमटवला. रेवताचा. मायचा. मग ज्या तिघांना आधी गळवं झाली होती त्यांचे. शेवटी भागरताबाईनं स्वतःचा अंगठा पुढं केला. मी म्हटलं, "तुझी नोकरी जाईल." ती म्हणाली, "अंडं मीच उकडत होती ना? मंग माहा नको का?"

तिची नोकरी राहिली का, मला अजून कळलेलं नाही. पत्र टाकलंय. तिला वाचून कोण दाखवणार, हा प्रश्नच आहे.

मोठ्या बाई

परत आली, पाकीट दिलं. बाईंनी मोठ्यानं वाचलं. "हात साधारण. बोलण्यात उद्धटपणा. नकला करण्याची खोड." चष्म्यावरून बघितलं. "यंदा यादीत नाव घेता येणार नाही."

मी जांभळा कागद पुढं केला. त्यांनी तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा हळू.

"हे खरं आहे?"

"हो."

"पण फायलीत सहीचे कागद लागतात. अंगठ्यांचं मी काय करू?"

"बाई, ज्यांच्या अंगात सुया गेल्या त्यांना सही येत नाही. ज्यांना येते त्यांचं लिहिणं तुम्ही आत्ताच वाचलंत."

  बाई म्हणाल्या, "डॉक्टर मोठे आहेत. तुझी पुढची बदली बघू, तिथला शेरा चांगला आण." आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मी टेबलावरची टाचणी उचलली. साहेबांचा शेरा उघडाच होता. त्याच्या पाठीला कागद लावला आणि टाचणी आरपार घातली. बाईंचा हात उठला, अर्ध्यावर थांबला. त्यांनी टाचणी काढली नाही. फाईल मिटली.

"झालं ना? जा आता."

"जाते. पण पक्की सिस्टर अजून सुटीवर आहे," मी म्हटलं. "माझ्या जागी गोंदियाला कोण जाऊन राहिली? तिचं नाव सांगा आधी. तिची गाडी सुटायच्या आत मला तिला सुयांचं सांगायचं आहे."

बाईंनी वही उघडली, बोट फिरवलं आणि नाव सांगितलं.